दान्बीची मानित्तो

दान्बीच्या बाकावर केळ्याचं दूध ठेवलेलं होतं आणि ते हेवॉनने ठेवलेलं नव्हतं. एवढंच. पण वर्गाच्या मागच्या दारात, एक पाय आत आणि एक बाहेर, हेवॉन अशी काही थबकली की मागून येणाऱ्या सेरोमचं नाक तिच्या दप्तरावर आपटलं. "अगं ए, खांब झालीस का? सरक ना, पाय गोठले माझे," सेरोम म्हणाली. हेवॉन सरकली, हसलीसुद्धा. डोळे मात्र तिकडेच, झाडूच्या कपाटाला चिकटलेल्या शेवटच्या बाकावर. तिथे ती बुटकी बाटली उभी होती आणि तिच्या गळ्यात लोकरीच्या धाग्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. चिठ्ठीवर काय असणार ते इथूनही सांगता आलं असतं. या आठवड्यात वर्गातल्या बाकांवर पावसानंतर अळंबी उगवावीत तशा चिठ्ठ्या उगवत होत्या, आणि सगळ्यांच्या तळाशी एकच सही असायची: तुझी मानित्तो. आता अख्ख्या वर्गात, अख्ख्या शाळेत, खरं म्हणजे अख्ख्या इंचॉन शहरात दान्बीची मानित्तो एकच होती. ती म्हणजे पेक हेवॉन, वय वर्षं सोळा. आणि गेल्या चार दिवसांत तिने दान्बीला खोडरबराचा तुकडादेखील दिला नव्हता.

सोमवारी वर्गशिक्षिका मोक बाई कागदी रुमालांचा रिकामा डबा घेऊन वर्गात आल्या होत्या. "पोरींनो, या वर्गाला थंडी लागली आहे," त्या म्हणाल्या, आणि दोघीतिघींनी उगाच हीटरकडे पाहिलं. "ती थंडी नव्हे. ही," असं म्हणून बाईंनी स्वतःच्या छातीवर थाप मारली. मागच्या रांगेत मिरे इतक्या जोरात खोकली की ते हसू आहे हे बाईंनाही कळलं, पण बाई चांगल्या होत्या आणि चांगल्या माणसांना असलं हसू ऐकू येत नाही. डब्यात अठ्ठावीस चिठ्ठ्या होत्या. एकेकीने एक उचलायची. जिचं नाव येईल तिची आपण मानित्तो, म्हणजे लपलेली मैत्रीण. दोन आठवडे रोज तिच्यासाठी एक छोटीशी चांगली गोष्ट करायची, तिला पत्ता लागू न देता. स्वतःचंच नाव आलं तर चिठ्ठी परत टाकायची. महाग काही नको. "विचार हवा, विचार! तिला काय हवंय ते बघा. नुसतं बघायला शिका," बाई म्हणाल्या. आणि दुसऱ्या शुक्रवारी सगळ्यांसमोर एकेकीने उठून मी तुझी मानित्तो होते असं सांगायचं. हा खेळ त्या सगळ्या पहिलीपासून खेळत आल्या होत्या, तरी डबा जवळ यायला लागला तशा सगळ्या पुढे झुकल्या. हेवॉनने चिठ्ठी बाकाखाली उघडली. बाईंच्या गोलगोल अक्षरात लिहिलं होतं, छा दान्बी. "कोण गं? तोंड बघ, कच्चं लिंबू चावल्यासारखं," सेरोम कुजबुजली. "सांगायचं नसतं," हेवॉन म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखादा नियम तिला इतका आवडला.

दान्बीने काय केलं होतं? काहीच नाही. तेच वाईट होतं. काही केलं असतं तर माफ तरी करता आलं असतं. शाळा सुरू होते मार्चमध्ये. मार्चच्या पहिल्या दोन आठवड्यांत कोण कोणाबरोबर जेवणार, कोण कोणाबरोबर बसस्टॉपवर जाणार, शौचालयात जाताना कोण कोणाला हाक मारणार, हे सगळं ठरतं आणि मग ओलं सिमेंट वाळावं तसं वाळून जातं. दान्बी दुसऱ्या शहरातून बदली होऊन आली एप्रिलच्या शेवटी. तोवर सगळं वाळून टणक झालेलं. कुणी तिला वाईट बोललं नाही, कुणी तिची वही लपवली नाही. नुसतं सगळ्यांच्या हातात आधीच कुणाचा तरी हात होता. आणि मग ऑगस्टपर्यंत असं झालं की तिच्याशी बोलणं म्हणजे काहीतरी जाहीर करण्यासारखं वाटायला लागलं. गटाच्या कामात बाईच तिला कुठल्यातरी गटात घालायच्या, आणि त्या गटातल्या मुली इतक्या सभ्यपणे सरकून जागा करायच्या की त्यापेक्षा ढकललं असतं तर बरं.

हेवॉनला हे सगळं वरून दिसत होतं, कारण ती तळातून वर आली होती. हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. मिडल स्कूल शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं आणि तिथली एकही मुलगी या शाळेत आली नव्हती, हे हेवॉनचं नशीब. तिथलं शेवटचं वर्ष ती एकटी जेवली होती. एकटं जेवण्याचीही एक विद्या असते, ती हेवॉनला येत होती. जेवणाच्या मोठ्या खोलीत अगदी एकटं बसायचं नाही, सगळ्यांना दिसतं. एखाद्या घोळक्याच्या कडेला बसायचं, मध्ये एकच खुर्ची सोडून. लांबून बघणाऱ्याला वाटतं तू त्यांच्यातलीच, आणि घोळक्याला वाटतं ही भलतीच कुणीतरी. दोघांनाही फसवता येतं. त्या हसल्या की आपणही ताटात बघून थोडं हसायचं, फार नाही. जेवण मात्र अकरा मिनिटांत संपवायचं, कारण बाराव्या मिनिटाला घोळका उठतो आणि मग तू उघडी पडतेस. या शाळेत पहिल्याच दिवशी सेरोमने मागे वळून विचारलं होतं, "ए, तुझ्याकडे जास्तीचा पेन आहे?" आणि हेवॉनने दोन दिले होते. दोन! त्या दिवसापासून तिचा आवाज मोठा झाला. ती वर्गात नकला करायला लागली, तिला पंख फुटले. जेवताना तिची खुर्ची ठरलेली: सेरोम आणि मिरेच्या मधली. त्या खुर्चीसाठी तिने काय काय केलं असतं याचा विचार ती सहसा करत नसे.

म्हणून मंगळवारी, म्हणजे खेळाच्या दुसऱ्या दिवशी, तिने चॉकलेट आणलं होतं हे विसरता कामा नये. आणलं होतं! मधल्या सुट्टीत वर्ग अर्धा रिकामा असताना ते बाहीत घालून ती मागे गेलीसुद्धा. पण दान्बीच्या बाकापाशी जायला दुसरं काही कारणच नसतं. खिडकी नाही, फळा नाही, कचऱ्याचा डबा पुढच्या दारापाशी. तिथे फक्त झाडूचं कपाट आणि दान्बी. "काय गं, तिकडे कुठे?" मिरेने मान वर न करता विचारलं. आणि हेवॉनने कपाट उघडलं, झाडू काढला आणि खरोखरच वर्ग झाडायला घेतला. "बाईंनी बघितलं तर तुला संत वगैरे करतील," मिरे म्हणाली. सेरोम म्हणाली, "माझ्या पायाखाली पण काढ गं, सूनबाई." तिघी पोट धरून हसल्या. चॉकलेट बाहीत वितळलं. बसस्टॉपवर हेवॉनने ते कागदाला चिकटलेलं तसंच चाटून खाल्लं आणि स्वतःला सांगितलं, उद्या. बुधवारी उद्या. गुरुवारी ते दूध.

आधी तिला वाटलं, चुकून झालं. बाईंनी दान्बीचं नाव दोनदा लिहिलं असणार. हा विचार फार गोड होता, दिवसभर तिने तो जिभेवर घोळवला: म्हणजे दान्बीला दोन मानित्तो, एक करतेय म्हणजे दुसरीला सुट्टी. पण मग कुणाचं तरी नाव चिठ्ठ्यांत आलंच नसणार, आणि प्रत्येकीच्या बाकावर तर काही ना काही येत होतं. हेवॉनच्या स्वतःच्या बाकावर केसांची पिन आली होती, नंतर गणिताच्या उत्तरांची सुबक यादी. मग दुसरा विचार आला आणि तो मुळीच गोड नव्हता: कुणाला तरी माहीत आहे. हेवॉनने चार दिवस काही दिलं नाही हे कुणीतरी बघितलंय, आणि तिला खाली बघायला लावण्यासाठी तिचं काम ती कुणीतरी करते आहे. ती एकेकीचे चेहरे बघायला लागली. बाई म्हणाल्या होत्या बघायला शिका. हेवॉन इतकं बघत होती की तिचे डोळे दुखले.

शुक्रवारी लोकरीच्या मोज्यांची छोटी जोडी. सोमवारी संत्रं. मंगळवारी पेन्सिलीने काढलेलं चित्र, एका जाड्या मांजराचं, खाली लिहिलेलं: काल तुझा निबंध ऐकून मी सगळ्यात शेवटी टाळ्या थांबवल्या. वर्गात बातमी झाली. "दान्बीची मानित्तो म्हणजे कसली भारी आहे गं," पुढच्या रांगेतल्या मुली म्हणायला लागल्या, आणि एकदोघी चक्क झाडूच्या कपाटापर्यंत जाऊन चिठ्ठ्या वाचून आल्या. दान्बी त्यांना त्या दाखवायची, दोन बोटांत अलगद धरून. "बघ, आणि मला मिळालं काय? वापरलेलं खोडरबर," सेरोम म्हणाली. "माझ्या मानित्तोला फाशी द्या." हसता हसता हेवॉनचं लक्ष पुन्हा त्या मांजराच्या चित्राकडे गेलं. तो मत्सर होता. तिने न केलेल्या चांगुलपणाचा मत्सर! जी कुणी हे करत होती ती हेवॉनपेक्षा बरी होती, धीट होती. हेवॉनला ती सापडायलाच हवी होती. सापडल्यावर काय करणार हे ठरलेलं नव्हतं. बहुतेक तिचा राग राग करणार होती.

बुधवारी ती सव्वासहाला उठली. "आज सूर्य कुठे उगवला?" आई म्हणाली. आई स्वयंपाकघरात शेजारच्यांसाठी पर्सिमनची फळं पिशवीत भरत होती. आईला लोकांना देण्याचा भारी सोस. समोरच्या अकराशे चारच्या दाराच्या मुठीला ती पिशवी अडकवायची, बेल न वाजवता, आणि मग आत येऊन आपल्या दाराला कान लावून उभी राहायची. शेजारीण दार उघडून अगंबाई म्हणाली की आईचा चेहरा उजळायचा. एकदा शेजारीण काहीच म्हणाली नाही, पिशवी घेतली आणि दार लावलं. तर आई दोन दिवस कुणाशी धड बोलली नव्हती. "मी काय परतफेड मागते का?" ती भांडी आपटत म्हणत होती. "नुसतं एक अगंबाई! त्याला काय पडतं?" बसमध्ये हेवॉनला हे आठवत राहिलं. लहानपणी तिला वाटायचं आई चांगली आहे. मग वाटायला लागलं आई एकटी आहे. या दोन्ही गोष्टी वेगळ्या कशा करायच्या हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शाळेत सात वाजता फक्त शिपाईकाका होते. हेवॉन वर्गात न जाता समोरच्या, वर जाणाऱ्या जिन्यावर, वळणाच्या आड बसली; तिथून मागच्या दाराच्या काचेतून शेवटचं बाक दिसत होतं. सात वाजून दहा मिनिटांनी पावलं वाजली. दान्बी आली. हेवॉनच्या मनात आलं, अरेच्चा, ही एवढ्या लवकर येते? मग तर हिने बघितलंच असणार कोण ठेवतं ते! दान्बीने दिवा लावला नाही. खिडकीतल्या राखाडी उजेडात ती आपल्या बाकापाशी गेली, दप्तर उघडलं, आतून बेकरीची कागदी पिशवी काढली आणि बाकावर ठेवली. मग एक कागद घेऊन डाव्या हातात पेन धरला. जीभ ओठाच्या कोपऱ्यात दाबून ती हळूहळू लिहू लागली, पहिलीतलं पोर लिहितं तशी. कागद पिशवीला लावला. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. पुढे येऊन पिशवी जराशी तिरकी केली, जशी घाईत कुणी ठेवून गेलं असेल तशी. मग दप्तर खांद्याला लावून ती निघून गेली, हेवॉनच्या समोरून, खालच्या मजल्याकडे, आणि पाऊण तासाने वर्ग भरलेला असताना सगळ्यांबरोबर आत आली. बाकापाशी पोचली. थांबली. हात तोंडावर नेला. "अय्या," दान्बी म्हणाली, फार मोठ्यानं नाही, फार हळू नाही. अगदी मोजून.

ते मोजमाप हेवॉनला तोंडपाठ होतं. एक खुर्ची सोडून बसण्याचं, ताटात बघून थोडंसं हसण्याचं मोजमाप. तिच्या अंगावर काटा आला. दयेने नव्हे, दया असती तर बरं झालं असतं. ओळखीने आला. मिडल स्कूलमधली ती हेवॉन, जिला तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला पुरून टाकलं होतं, ती बसचे दोन मार्ग बदलून इथे आली होती आणि झाडूच्या कपाटाशेजारी बसून गोड पावाचा तुकडा मोडत होती. आणि तिला तिथे बसवलं कुणी? पहिले तीन दिवस दान्बीने वाट बघितली असणार. सोमवारी बाक रिकामं, मंगळवारी रिकामं, बुधवारी रिकामं. सगळ्यांच्या बाकांवर काही ना काही, आणि तिच्या बाकावरचं रिकामपण सगळ्या वर्गाला दिसणारं. म्हणून गुरुवारपासून तिने स्वतःच स्वतःला मैत्रीण नेमून टाकलं. तिला हे करायला लावणारी दुसरीतिसरी कुणी नव्हती. हेवॉन तेव्हा वर्ग झाडत होती.

आता खरं काहीतरी ठेवायचं का? गुरुवारी सकाळी दुकानात हेवॉन हात शेकायच्या, आपोआप गरम होणाऱ्या पुड्यांच्या कप्प्यासमोर दहा मिनिटं उभी होती. पण दान्बीच्या बाकावर दुसरी वस्तू दिसली तर दान्बीला कळणार की खरी मानित्तो जागी आहे, आणि तिने सगळं बघितलं आहे. केवढी लाज वाटेल तिला! नको. न देणंच जास्त चांगलं. हा विचार इतका नीट जुळला, इतका समजूतदार निघाला की हेवॉनला स्वतःबद्दल क्षणभर बरं वाटलं. आणि लगेच दुसऱ्या क्षणी दुकानाच्या काचेत तिला स्वतःचं तोंड दिसलं, समाधानी, आईसारखं. ती रिकाम्या हातांनी बाहेर पडली. त्या दिवशी दान्बीच्या बाकावर खोकल्याच्या गोळ्यांची डबी होती. दान्बीला खरोखर खोकला झाला होता. वर्गात कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं, तिच्या मानित्तोशिवाय.

शुक्रवारी शेवटच्या तासाला बाईंनी बाकं गोल करायला लावली. एकेक जण उठून मिळालेल्या गोष्टी दाखवत होती, अंदाज बांधत होती, आणि मग खरी मानित्तो उठली की किंचाळ्या. सेरोमची मानित्तो मिरेच निघाली, "वापरलेलं खोडरबर? तू? माझी तू?" म्हणून सेरोमने तिला पाठीत गुद्दा घातला. हेवॉन हसत होती आणि दान्बीची पाळी किती जणींनंतर येते ते मोजत होती. मग दान्बी उठली. तिने सात चिठ्ठ्या बाकावर मांडल्या आणि एकेक वाचली. थंडी आहे, गळा झाकून बस. काल तू खिडकीशी उभी होतीस तेव्हा छान दिसत होतीस. तुझा आवाज मला आवडतो, अजून बोल. वाचताना तिचा आवाज जराही हलला नाही. वर्गच हलला. कुणीतरी नाक ओढलं. बाईंनी चष्मा काढून पुसला. "कोण आहे गं ही मुलगी?" बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात इतकं प्रेम होतं की क्षणभर हेवॉनलाही वाटलं, खरंच, कोण आहे ती?

"तुझा अंदाज, दान्बी?"

"मला नाही सांगता येत, बाई." दान्बीने मान खाली घातली. तिच्या मानेची एक शीर ताणलेली हेवॉनला दिसत होती. आता एक मुलगी उठेल आणि म्हणेल, मी काहीच दिलं नव्हतं. आणि सत्तावीस तोंडं वळतील. दान्बी गेले आठ दिवस या क्षणाकडे चालत आली होती, आणि तिला दुसरा रस्ताच नव्हता. खरं सांगितलं तर दान्बी संपली. खोटं सांगितलं तर दान्बी वाचते. सरळ होतं; पण खोटं सांगितलं तर हेवॉनही वाचते, नुसती वाचत नाही, चमकते. आणि दोघींचं भलं एकाच खोट्यात इतकं सहज बसलेलं पाहून तिला त्या खोट्याची किळस आली. तरी तिचे गुडघे सरळ झाले. "मी," हेवॉन म्हणाली. "मी होते."

दान्बीने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर हेवॉनने तो घेतला असता. पण दान्बी नुसती बघत होती, एखादा पत्ता खूप शोधून सापडल्यावर माणूस घराकडे बघतो तशी: अच्छा, हे होय. मग ती कमरेत वाकली, नीट, नव्वद अंशात. "दोन आठवडे खूप छान गेले," ती म्हणाली. "थँक्यू, हेवॉन." टाळ्या इतक्या झाल्या की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. "बक्षीस!" मोक बाई म्हणाल्या. "डिसेंबरभर तुम्ही दोघी शेजारी बसायचं. आणि हेवॉन, सोमवारी व्हरांड्यातल्या फळ्यासाठी एक पान लिही. तुला हे सगळं सुचलं कसं ते. बाकीच्या वर्गांना कळू दे."

बसस्टॉपवर सेरोम तिच्याकडे पाठ करून उभी राहिली. मग म्हणाली, "माझ्या वाढदिवसाला तू काय दिलं होतंस आठवतंय? पेन्सिलींचा संच, आणि त्यातली एक तूच वापरत होतीस." "अगं, ते वेगळं," हेवॉन म्हणाली. "हो, वेगळंच," सेरोम म्हणाली. "आमच्यासाठी कोण उठतंय सहाला. तू आता संतीणबाई, दान्बीचा आवाज आवडणारी." मिरे म्हणाली, "जाऊ दे ना, बस आली." बसमध्ये त्या दोघी एका बाकावर बसल्या, आणि हेवॉन दांडी धरून उभी राहिली. नेहमी तिघी उभ्या राहायच्या.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती पान लिहायला वर्गात राहिली. म्हणजे तसं तिने सेरोमला सांगितलं, आणि सेरोमने "राहा" म्हटलं. कागदावर तिने तारीख घातली, शीर्षक घातलं, आणि पुढे काही येईना. शेजारच्या बाकावर दान्बी डबा खात होती. बाकं जोडून ठेवल्यावर पहिल्यांदाच त्या दोघी एकट्या होत्या. "दान्बी, ऐक ना," ती म्हणाली. "मला तुझी—"

"नको," दान्बी म्हणाली. आवाज अगदी साधा, मीठ पुढे सरकवा म्हणावं तसा. "तू माफी मागितलीस तर मला काहीतरी म्हणावं लागेल."

बाहेर मैदानावर शिट्टी वाजली. हेवॉनने पेनाचं टोपण लावलं, काढलं. तिला रडायला आलं असतं तर सोपं झालं असतं, पण रडणंही आता दान्बीकडूनच काहीतरी मागून घेण्यासारखं वाटलं.

"मोजे गुलाबी होते, विसरू नकोस," दान्बी म्हणाली, घास चावून झाल्यावर. "आणि दूध कोपऱ्यावरच्या दुकानातलं लिही, शाळेच्या फाटकासमोरच्या नाही. तिथली ताई मला ओळखते. कुणी विचारलं तर घोळ होईल."

"कोण विचारणार आहे?"

"विचारतात गं. सेरोम विचारेल." दान्बीने डब्याचं झाकण लावलं, चमच्याची पिशवी नीट घडी घालून आत ठेवली आणि खुर्ची हेवॉनच्या कागदाकडे जराशी वळवली. "लिही, मी सांगते. बाईंना कारणं हवी असतात. नुसत्या वस्तू लिहिल्यास तर त्या म्हणतील विचार कुठाय. दूध कशाला, तर ती सकाळी काही न खाता येते. लिहिलंस? चित्र कशाला, तर ती निबंध वाचून बसली तेव्हा कुणी तिच्याकडे बघितलं नाही. हे नको लिहू, वर्गाला वाईट वाटेल. नुसतं लिही, तिला मांजरं आवडतात."

हेवॉन लिहीत गेली. तिचं अक्षर चांगलं होतं, सगळे म्हणायचे. एकेक ओळ उतरत होती, आणि एका मुलीची एवढी माहिती, एवढी बारीक, तिने आजवर कुणाबद्दल ऐकली नव्हती, स्वतःबद्दलसुद्धा नाही.

"सोमवारी संत्रं," दान्बी म्हणाली. "लिही, देठापाशी साल आधीच उकलून ठेवली होती."

"का?"

"तिला सोलता यावं म्हणून. तिला नखं नाहीत ना. खाते ती."

हेवॉनने दान्बीच्या हातांकडे पाहिलं. दहाही बोटांची टोकं लालसर, सुजलेली, कडेला फाटलेली; एप्रिलपासून ते हात याच वर्गात होते. दान्बीने ते बाकाखाली घेतले नाहीत. उलट कागदाच्या कडेवर ठेवले, कागद हलू नये म्हणून.

"लिही ना," ती म्हणाली. "घंटा होईल."

आणि हेवॉनने लिहिलं: मी पाहिलं होतं, तिला नखं नाहीत.